कागदावरचा एक ‘आर’ आणि बंद झालेली गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्षयरोगावरचे लेख आपल्या पत्रात नेहमी येतात. पण थुंकीत क्षयासारखेच जंतू दिसतात आणि क्षय मात्र नसतो, अशा रुग्णांबद्दल सहसा कुणी लिहीत नाही.

माझे थोरले बंधू शिरोलीला फौंड्रीत मोल्डिंगला होते. हयात वाळूच्या धुळीत गेली. खोकला हटेना म्हणून थुंकी तपासली, ती पॉझिटिव्ह. जीन-एक्स्पर्टवर, म्हणजे जंतूची जनुकं शोधणाऱ्या मशीनवर, मात्र क्षयाचा जंतू नाही. शंका तिथंच यायला हवी होती, तरी क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढे कल्चरमध्ये, म्हणजे थुंकीतला जंतू लॅबमध्ये वाढवल्यावर, मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स निघाला. हा माती-पाण्यातला, नळाच्या पाइपातही तग धरणारा जंतू.

मग एका खासगी लॅबचा औषधांचा रिपोर्ट आला. क्षयाचीच औषधं एकाखाली एक, पुढं ‘एस’ (औषध लागू) किंवा ‘आर’ (जंतू औषधाला दाद देत नाही). एथॅम्ब्युटॉलसमोर ‘आर’ होता, म्हणून डॉक्टरांनी ती गोळी बंद केली. मी जन्मभर सूक्ष्मजीवांच्या लॅबमध्ये नोकरी केलेला माणूस. कागद बघून डोकंच फिरलं. या जंतूच्या बाबतीत लॅबचा निकाल आणि रुग्णाला येणारा गुण यांचा मेळ बसतो तो क्लॅरिथ्रोमायसिन आणि अ‍ॅमिकासिन या औषधांत. (अ‍ॅझिथ्रोमायसिनचा अंदाजही क्लॅरिथ्रोमायसिनवरूनच बांधतात.) एथॅम्ब्युटॉलच्या ‘आर’वरून इथं उपचार ठरवता येत नाहीत. उलट ती गोळी सोबत असते म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन टिकतं. ती काढली की जंतू नेमका त्याच औषधाला निर्ढावण्याचा धोका, आणि मग डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नाही.

चाचणीची रीत ठरलेली आहे. इडलीपात्रासारख्या खळग्यांच्या प्लेटमध्ये औषधाची मात्रा दुपटीनं वाढवत न्यायची, जंतू सोडायचा आणि 7 ते 14 दिवस थांबायचं. क्लॅरिथ्रोमायसिनच्या मिलिलिटरला 8 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेत वाढ थांबली तर औषध लागू, 32 किंवा जास्त लागले तर नाही. जंतू ज्यात वाढवतात ते माध्यम जरा आम्ल झालं तरी मात्रेचा हा आकडा फुगतो. म्हणून नुसतं अक्षर नको, आकडा छापा. जातीचं नावही हवंच. याच कुळातला कॅन्ससाय हा जंतू निघाला असता तर रिफॅम्पिसिनची चाचणी महत्त्वाची ठरली असती. नुसतं ‘एनटीएम’ (क्षयाच्या कुळातले पण क्षय न करणारे जंतू) लिहिलेल्या कागदावर डॉक्टर तरी काय करणार?

छातीच्या दुसऱ्या डॉक्टरांनी एथॅम्ब्युटॉलची गोळी परत सुरू केली. त्यांना चाचणी नीट करून हवी होती, पण वाढवलेलं कल्चर लॅबनं ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेनं जंतू मारून) टाकून दिलं होतं! पुन्हा थुंकी, पुन्हा वाढायची वाट. हा उपचार कल्चर निगेटिव्ह झाल्यावरही 12 महिने चालतो. 6 महिन्यांनीही कल्चर पॉझिटिव्हच राहिलं तर चाचणी पुन्हा करावी लागते. उपचार चालेल तेवढा काळ तरी जंतूची एक नळी फ्रीझरमध्ये ठेवणं लॅबना सक्तीचं करावं, अशी आरोग्य विभागाकडे मागणी आहे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
राजारामपुरी, कोल्हापूर