मास्तरांना शर्यत दाखवणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार,

तुमचं नाव लिहीत नाहीये, न विचारता लिहिणं बरं नाही वाटत. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी दुपारी गेटवेवरून दोन तासांसाठी शिडाची होडी घेतलेली साताऱ्याची माणसं आम्ही, आणि पांढरी टोपी घातलेले, माझा हात धरून होडीत उतरलेले ते माझे बाबा. धक्क्यावर परत आल्यावर घाईघाईत नुसतं थँक्यू म्हटलं गेलं, ते फार कमी पडलं असं तेव्हापासून वाटतंय, म्हणून हे लिहितेय.

बाबांना काचबिंदू आहे. जवळचं थोडंफार दिसतं, लांबचं जवळपास काहीच नाही. 31 वर्षं भूगोल शिकवला त्यांनी, खारे वारे आणि मतलई वारे फळ्यावर किती वेळा काढले असतील, पण शिडाच्या होडीत कधी बसले नव्हते. म्हणून तर आणलं होतं त्यांना. आणि निघालो तर समोर शर्यतीची तयारी चाललेली, निळ्या शिडांच्या एंटरप्राइझ होड्या, प्रत्येकीत दोघं दोघं, माझी मुलं ओरडायला लागली ते बघा आजोबा ते बघा, आणि बाबा एकदम गप्प झाले. ते तुमच्या लक्षात आलं दादा. माझ्या नाही आलं, मी फोटो काढत होते.

तुम्ही त्यांच्या शेजारी येऊन बसलात आणि म्हणालात, "मास्तर, वारा कानानेच बघायचा असतो. तोंड हळूहळू फिरवा, दोन्ही कानांत सारखा आवाज आला की समजा वारा बरोब्बर समोरून." बाबांनी मान फिरवली, थांबले, आणि ताजच्या जरा उजवीकडे हात केला. वायव्य! मग त्यांचा वर्गच सुरू झाला, जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला धावते वगैरे, आणि तुम्ही सगळं नीट ऐकून घेतलंत. कितीतरी दिवसांनी त्यांना असं शिकवताना ऐकलं मी.

मग तो भोंगा. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की सुटायच्या 5 मिनिटं आधी पहिला, 4 मिनिटं आधी दुसरा, 1 मिनिट आधी लांबलचक तिसरा, आणि चौथ्याला शर्यत सुटते, भोंग्याबरोबर झेंडे वरखाली होतात ते तुम्ही बघाल आणि मोजायचं काम मास्तरांचं. बाबा गुडघ्यावर बोटं आपटत मोजत होते. चौथा वाजला, पाठोपाठ अजून एक वाजला, तर बाबा लगेच म्हणाले, "हा पाचवा कसला?" तुम्ही केवढे खूश झालात! कोणीतरी भोंग्याआधीच रेषा ओलांडली होती, त्याला परत बोलावत होते, आणि आमच्यापैकी कोणालाच ते कळलं नव्हतं.

पुढे सगळं तुम्ही त्यांना आवाजानेच दाखवलंत. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही म्हणून होड्या नागमोडी जातात, वळताना शीड फडफडतं आणि परत वारा भरला की गप्प होतं, ती फडफड ऐका. दोन होड्या समोरासमोर आल्या की ज्याच्या उजव्या अंगाने वारा येतोय त्याचा हक्क पहिला, म्हणून तो "स्टारबोर्ड!" म्हणजे उजवी बाजू, असं ओरडतो, ते ऐका. तुम्ही मुद्दाम वाऱ्याच्या खालच्या बाजूला लांब राहिलात, आपण मध्ये येऊन त्यांचा वारा खायचा नाही म्हणालात, ते मला फार आवडलं. आणि 1982 चं एशियाड दिल्लीत झालं तरी शिडाच्या शर्यती इथे मुंबईत झाल्या होत्या, फायरबॉल नावाच्या होड्यांच्या शर्यतीत फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी गोल्ड मिळवलं होतं, हे तुम्ही सांगितलंत तर बाबांना ते एशियाड, तो अप्पू हत्ती, शेजारच्यांकडे बघितलेला कलर टीव्ही सगळं आठवलं, परत येताना ट्रेनमध्ये तेच चाललं होतं.

आणि सुकाणू. तुम्ही त्यांच्या हातात दांडा दिलात तेव्हा मी घाबरले होते, होडी चांगलीच कलली होती, पण तुमचा हात वीतभर अंतरावर होता ते मी बघत होते. डाव्या गालावर वारा सारखा ठेवा एवढंच सांगितलंत. 10 मिनिटं त्यांनी होडी नेली. डोळे मिटून. काचबिंदू झाल्यापासून कोणी त्यांच्या हातात काही सोपवलं नव्हतं, आम्ही घरचे तर चहाचा कपसुद्धा धरून द्यायचो, ते आता बंद केलंय.

पावसाळ्यात होड्या वर काढून ठेवतात म्हणालात, म्हणजे मेच्या आत यायला हवं. बाबांनी विचारायला सांगितलंय की दोनाऐवजी तीन तास मिळतील का, आणि सुकाणू सुरुवातीपासून त्यांच्याकडे द्याल का.

तुमची,
मास्तरांची मुलगी