पायथॉनच्या प्रात्यक्षिकात मराठी मजकूर हवा

महोदय,

पायथॉन ही संगणकाची भाषा शिकवताना ‘पिलो’ या चित्रे काढण्याच्या लायब्ररीने (तयार आज्ञावलींच्या संचाने) रेषा, चौकोन, वर्तुळे काढून त्यांवर मजकूर लिहिण्याचे प्रात्यक्षिक घेतात. परंतु आमच्या भागात मी जे पाहतो त्यात हा मजकूर इंग्रजीच असतो. पुढे गावच्या सप्ताहाची पत्रिका किंवा शाळेची प्रमाणपत्रे मराठीत करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची त्यामुळे फजिती होते.

मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांच्या पावसाचा स्तंभालेख काढून पाहावा. आरंभबिंदू चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असल्याने स्तंभ आधी उलटे लटकतात, पण चित्राच्या उंचीतून वजाबाकी केली की ते सरळ होतात. नावांचे तसे नाही. लातूर, जालना, बीड, परभणी, नांदेड ही नावे सहसा वाचण्याजोगी उमटतात. मात्र ‘धाराशिव’ची वेलांटी पुढे सरकून ‘धाराशवि’ होते, ‘हिंगोली’ची ‘ग’वर जाऊन बसते आणि ‘छत्रपती’मधला ‘त्र’ फुटून पाय मोडलेला ‘त’ व सुटा ‘र’ दिसतो. ज्याने ‘लातूर’ लिहून चाचणी घेतली, त्याला सारे आलबेल वाटणारच.

युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत) ‘शि’ लिहिताना आधी ‘श’ आणि मग वेलांटी साठवली जाते. ती पडद्यावर अलीकडे आणणे आणि जोडाक्षरे जुळवणे हे काम अक्षरजुळणीच्या वेगळ्या यंत्रणेचे असते. पिलोची साधी मांडणी ते करत नाही. त्यासाठी लागणाऱ्या ‘रक्म’ या लायब्ररीची सोय पिलोत 2017 पासून आहे, परंतु विंडोजवर तिच्या जोडीची ‘फ्रिबिडी’ ही फाइल नसली की ‘रक्म’ निमूटपणे बंद राहते आणि चूक झाल्याचा कोणताही संदेश येत नाही. पिलोच्या ‘फीचर्स’ या मॉड्यूलला (उपलब्ध सोयी सांगणाऱ्या भागाला) विचारल्यास ‘रक्म’ उपलब्ध आहे की नाही हे एका ओळीत कळते. वेलांटी मुद्दाम आधी टंकित करण्याची युक्ती काही जण सुचवतात; ती मला घातक वाटते, कारण असा मजकूर पुढे शोधता येत नाही आणि नीट जुळणी होणाऱ्या संगणकावर तोच चुकीचा दिसतो.

प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकावर ‘रक्म’ची खात्री करून घ्यावी, नोटो सान्स देवनागरीसारखा मोफत फॉन्ट ठेवावा (फॉन्टमध्ये देवनागरी नसल्यास रिकामे चौकोनच उमटतात) आणि प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला स्वतःचे व गावाचे पूर्ण नाव चित्रावर मराठीत लिहायला सांगावे, अशी विभागप्रमुखांना विनंती आहे.

– एक संगणक शिक्षक, परभणी