निनावी खात्यांवरून येणाऱ्या मेसेजबाबत सूचना

सभासदांना नमस्कार. धरमपेठेतल्या काव्यवाचनाचा व्हिडिओ टाकल्यापासून आपल्या दोघी कवयित्रींना निनावी खात्यांवरून शिव्या आणि धमक्या येत आहेत. एका बहाद्दराने तर प्रोफाइलला संत्र्याचा फोटो लावलाय! उत्तर देऊ नका, त्यांना तेच हवं असतं. आधी स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ आणि खात्याचं नाव दिसू द्या, लिंक जपून ठेवा, मगच ब्लॉक करा. ऑनलाइन आक्षेपार्ह मेसेजला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ २०१५ साली रद्द झालं म्हणून हात बांधलेले नाहीत. नाव लपवून धमकावणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१(४) नुसार धमकीच्या मूळ शिक्षेवर दोन वर्षांपर्यंत जादा कैद होऊ शकते. मात्र टोपणनावाने लिहिणाऱ्या सभासदांना खरं नाव विचारत बसू नका. नोकरीपायी काहींना टोपणनावाची आड लागते. सायबर पोलिसांकडे जाताना सोबत हवी असल्यास सचिवांना कळवा.

— कार्यकारिणी, नागपूर