ओझे विषयाचे नव्हे, उशिराचे

मुख्य पदवीसोबत भौतिकशास्त्राचे मायनर, म्हणजे दुय्यम विषय, घेणे म्हणजे नसते ओझे, हे आपल्या शिक्षणविषयक लेखातील मत पटले नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग काय, असा लेखकाचा सवाल आहे. लुई बाशेलिए या फ्रेंच गणितज्ञाने १९०० मध्ये शेअर बाजारातील चढउतारांसाठी जे गणित मांडले, त्याच धाटणीचे गणित आइन्स्टाइनने १९०५ मध्ये द्रवातील सूक्ष्म कणांच्या हालचालीसाठी स्वतंत्रपणे वापरले. उपयोगाचा याहून थेट पुरावा कोणता?

प्रयोगशाळेचे तास मुख्य विषयाच्या तासांवर आदळतात, ही तक्रार मात्र रास्त आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. या विषयात पायरी गाळता येत नाही. कलनाशिवाय (कॅल्क्युलस) यामिकी, म्हणजे गती आणि बलांचा अभ्यास, नाही आणि रेषीय बीजगणिताशिवाय क्वांटम, म्हणजे अणुपातळीवरचे भौतिकशास्त्र, झेपत नाही. तिसऱ्या वर्षी जाग आलेला विद्यार्थी प्राथमिक दोन-तीन पेपरांतच अडकतो. सांख्यिकीय भौतिकीसारखा (असंख्य कणांच्या एकत्रित वागण्याचा अभ्यास), त्याच्या मुख्य विषयाशी नाते सांगणारा भाग राहूनच जातो. म्हणून हा निर्णय पहिल्या वर्षी, गणिताचे पेपर निवडतानाच व्हायला हवा.

– एक निवृत्त शिक्षक