दाताच्या खुर्चीजवळून

महोदय,
वेंगुर्ल्यात माझा दातांचा दवाखाना आहे. गेल्या पावसात एक बाई पुढचा दात तुटून आली. "शेवाळार घसारलंय," म्हणाली. घसरणारा माणूस हात टेकतो; हिच्या तळव्यांना ओरखडाही नव्हता. नवरा तिच्याआधी उत्तरं देत होता. एक्स-रेच्या निमित्तानं त्याला बाहेर बसवलं, तेव्हा ती बोलली. आणि मी शहाणीनं काय केलं? औषधाच्या चिठ्ठीवर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला! ती चिठ्ठी घरी कोण वाचणार, हे सुचलंच नाही. पुढच्या तारखेला ती आली नाही.

आता बाईला विचारून, ती हो म्हणाली तर दवाखान्याच्याच फोनवरून १८१ लावून देते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवू शकतं. सद्हेतूनं कळवणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. 'उगाच कोर्टकचेरी' म्हणणाऱ्या सहकाऱ्यांनी ते वाचावं. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकीलही मिळतो.

मात्र संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर शोधण्यात माझ्या दोन दुपारी गेल्या. तो प्रत्येक दवाखान्यात छापील पाठवावा. दात घासण्याच्या तक्त्याशेजारी भिंतीवर जागा आहे.

— एक दंतवैद्य, वेंगुर्ले