हाताचे घट्टे

कोपरखैरणे

चि. स्वाती,
अनेक आशीर्वाद.

तू लॅपटॉपवर लावून दिलेली बीबीसीची ती २००९ची मालिका, ‘ब्लड, स्वेट अँड टेकअवेज’, आम्ही दोघांनी चार रात्रींत संपवली. निम्मं बोलणं डोक्यावरून गेलं, पण काम कळलं. सहा इंग्रज पोरं. इंडोनेशियात ट्यूना साफ करतात, कोळंबीच्या तळ्यात उतरतात, थायलंडात भाताच्या चिखलात आणि कोंबड्यांच्या कारखान्यात राबतात. मजुरांच्याच घरी राहायचं, त्यांच्याएवढ्याच मजुरीत भागवायचं. लगेच रडारड. बाबा आधी हसले, मग गप्प झाले. म्हणाले, "कॅमेरा सारखा पोरांच्या तोंडावर. शेजारची बाई मान खाली घालून दुप्पट मासे उरकतीय, तिला कोण विचारतंय?"

मला तेच लागलं बघ. फोड येतात ते नव्या हाताला. जुन्या हाताला घट्टे पडतात, ते कॅमेऱ्यात भरत नाहीत.

बाबांनी वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात तीस वर्षं गोण्या वाहिल्या. १९६९चा माथाडी कायदा होता म्हणून निदान फंड मिळाला, हे घर झालं. तरी पन्नास किलोच्या वरची गोणी नको, एवढ्यासाठी हमालांच्या टोळ्यांना काम बंद ठेवावं लागलं. मी दोन वर्षं गाळ्यावर कांदा निवडला, तुला ते आठवणार नाही. माझं नाव कुठल्याच टोळीत नव्हतं. रोज संध्याकाळी हातात येतील ते पैसे. कांदा स्वस्त झाला की गिऱ्हाईक खूश, आणि आमच्या गाळ्यावर मात्र निवडायला दोन बायका कमी.

आणि साखर? आपल्या कऱ्हाडकडं बीडच्या टोळ्या ऊस तोडायला येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची गणती एकच. उचल आधीच घेतलेली, त्यात खाडा झाला की वर दंड. पाळीचे दिवस परवडत नाहीत म्हणून बायका गर्भपिशवीच काढून टाकतात. २०१९ साली सरकारी समितीनं बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आम्ही चहा पीत ती मालिका बघत होतो, आणि हे आठवल्यावर माझा कप तसाच राहिला. बाबांनी मात्र प्यायला. टाकून काय होणार, म्हणाले. तेही खरंच.

तुझ्या कॉलेजच्या फिल्मसाठी मैत्रिणींना बाजारात गोण्या उचलायला लावायचंय म्हणालीस. ये घेऊन, पण त्यांच्या रडण्यावर सगळी कॅसेट घालवू नकोस (कॅसेट आता नसते, माहितीये मला). कांदा निवडणाऱ्या बायकांपाशी जाऊन बस. घाई करू नकोस, त्या पहिल्या दिवशी बोलणार नाहीत.

रविवारी बाजार बंद असतो, म्हणून शनिवारी पहाटेच ये. बाबा टोळीतल्या पोरांशी बोलून ठेवतायत. "गोणी देतो, पण वीस किलोची," म्हणाले. "कुणाची मान धरली तर तुझी आई मला घरात घेणार नाही."

तुझी,
आई