अंबा खाडीत सर्वांच्या मालासाठी एक तरी धक्का हवा

मा. बंदरे विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

दरवर्षी गणपतीच्या तोंडावर मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घालणारा आदेश निघतो. चाकरमानी सुखरूप घरी पोचावेत म्हणून तो काढावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण माल आणि माणसे दोन्ही पेलण्याची ताकद या रस्त्यात नाही, याची ती सरकारनेच दिलेली कबुली आहे. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षे उलटली तरी संपले नाही. रस्त्याबद्दल लिहून झाले, मोर्चे काढून झाले. हे पत्र आपल्याला अशासाठी की रायगडच्या मालाला दुसरी वाट पाण्याची आहे आणि ती आपल्या खात्याकडे आहे.

वडखळ ते नागोठणे हा पट्टा नकाशावर पाहा. महामार्ग, पनवेल-रोहा रेल्वे आणि अंबा नदी इथे जवळजवळ हातात हात घालून जातात. 2016 च्या कायद्याने अंबा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 10 झाली. रेवसजवळ धरमतर खाडी समुद्राला मिळते तिथपासून नागोठण्याच्या एसटी स्टँडजवळच्या पुलापर्यंत, 45 किलोमीटर. हा जलमार्ग नुसता कागदावरचा नाही. डोलवीच्या पोलाद कारखान्याचे खनिज आणि कोळसा भरतीची वेळ साधून बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकांमधून, धरमतरला येतो. तेवढा माल ट्रकने आला असता तर वडखळ नाक्यावर माणसाला रस्ता ओलांडता आला नसता.

मात्र खाडीतले गजबजलेले धक्के खासगी आहेत आणि ते कोळसा-खनिजासारख्या ढिगाऱ्याच्या मालासाठी आहेत. सिमेंट, सळया, खत मागवणाऱ्या किंवा तांदूळ पाठवणाऱ्या साध्या व्यापाऱ्याला तिथे कोण विचारणार? एक लिटर इंधनात एक टन माल रस्त्याने 24 किलोमीटर, रेल्वेने 85 आणि पाण्याने 105 किलोमीटर जातो, हे आकडे केंद्राचे अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणच सांगते. ते खरे असले तरी धंद्याचा हिशेब तेवढ्यावर सुटत नाही. मुंबई ते नागोठणे अंतर थोडे, आणि बार्जचा माल दोनदा जास्त चढवा-उतरवावा लागतो. इंधनात वाचलेले पैसे हमालीत आणि जेट्टीच्या शुल्कात जातात, मग माणूस पुन्हा ट्रकवाल्याला फोन लावतो. म्हणून नुसता धक्का बांधून भागणार नाही. त्यावर क्रेन हवी, गोदाम हवे, आणि सुरुवातीची काही वर्षे शुल्क नाममात्र हवे. वर नागोठण्याकडे खाडी उथळ होत जाते. तिथे लहान बार्ज गृहीत धरूनच आखणी करावी.

नागोठण्यापासून कोलाड जवळ आहे. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1999 पासून कोलाडहून भरलेले ट्रक वॅगनवर चढवून गोव्यात वेर्ण्याला नेते. पाण्याने आलेला माल तिथून रेल्वेने पुढे दक्षिणेला जाऊ शकतो. त्यासाठी आपले खाते आणि रेल्वे एका टेबलावर बसायला हवे, एवढेच.

महाडच्या सावित्री नदीचीही आठवण करून देतो. डिसेंबर 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेला बोटीने आले आणि दासगावला उतरले. त्याच सावित्रीला आज राष्ट्रीय जलमार्गाचा क्रमांक आहे, पण पात्रात गाळ आहे. जुलै 2021 च्या पुराने त्या गाळाची किंमत महाडकरांना दाखवली. तिथे गाळ काढणे हे पुरासाठीही लागणारच आहे. तो काढताना नौकानयनाची खोली धरून काढा, म्हणजे एका खर्चात दोन कामे होतील. महाडच्या औद्योगिक वसाहतीतली घातक रसायने मात्र या खाड्यांमधून कधीही नेऊ नयेत.

आणखी एक गोष्ट अटीसारखीच धरावी. खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतला, शेतकरी बांध फुटण्याच्या धास्तीत जगतो आणि कोळ्यांची जाळी याच पाण्यात असतात. बार्ज वाढवण्याआधी खारबंदिस्तीची, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बांधांची, तपासणी व्हावी, बार्जचा वेग ठरवून द्यावा, आणि जाळी तुटली तर भरपाई कोण देणार हे आधी लिहून ठेवावे.

पावसाळा संपल्यावर एकदा भरतीच्या वेळी धरमतरहून नागोठण्यापर्यंत होडीने या. सोबत मेरीटाइम बोर्डाचे अभियंते आणावेत. गावोगावचे शेतकरी आणि कोळी बांधव काठावर भेटतील. धक्क्याची जागा त्यांना विचारूनच ठरवावी.

आपला,
रायगड जिल्ह्यातील एक नागरिक